गायकवाडांचं रेडकू

मी बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले. तिथे माणसांना नावं नसतात, आडनावं असतात. ती सवय अशी अंगवळणी पडली की नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते आणि बाकी सगळीकडे 'गायकवाड'. त्यांना त्याचं काही वाटत नाही. सदतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ते फिटर होते. माणसं काय म्हणतात यापेक्षा बेअरिंग काय म्हणतंय याकडे त्यांचा कान जास्त. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी टेकडीवर जातात. गायकवाड पार्किंगमध्ये जातात. आमच्याकडे गाडी नाही, पण पार्किंगची जागा आहे, आणि त्या जागेत त्यांचं टेबल आणि लोखंड घट्ट पकडून ठेवायचा शेगडा आहे. 'वाहनाव्यतिरिक्त कोणतीही वस्तू ठेवू नये' अशी पाटी सोसायटीने खास आमच्यासाठी लावली, ती गायकवाडांनी वाचली आणि तिलाच हातोडी अडकवली.

गेल्या ऑगस्टात काय झालं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

धायरीत आमच्या सोसायटीच्या आवारातलं पावसाचं पाणी वाहून न्यायला जमिनीखालून तीन फुटी सिमेंटचा पाइप टाकलाय. तो आमच्या चेंबरपासून निघतो आणि मागच्या ओढ्याला मिळतो. नकाशात तरी मिळतो. प्रत्यक्षात दर पावसाळ्यात चेंबर उलटा भरतो आणि पाणी तळमजल्यावर रुकसाना शेखच्या घरात शिरतं. रुकसाना बत्तीस वर्षांची, खराडीला एका कंपनीत कामाला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची आई. त्या दिवशी पाणी आईच्या पलंगाखाली आलं, तेव्हा सोसायटीचे सचिव केदार यांनी ठेकेदाराला फोन केला. ठेकेदाराने दोन माणसं आणली आणि पंप लावून चेंबरमधलं पाणी उपसलं. त्यातल्या एकाने शर्ट काढला, कमरेला दोरी बांधली आणि तो चेंबरमधून पाइपात शिरला.

तो परत येईपर्यंत चाळीस मिनिटं गायकवाड चेंबरच्या काठावर उभे होते. मी छत्री घेऊन गेले तर म्हणाले, "तू जा." त्यांचे थोरले भाऊ भीमराव १९८४ साली एका कारखान्याच्या टाकीत सफाईला उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. तेव्हाही गायकवाड टाकीच्या तोंडाशी उभे होते, पंचवीस वर्षांचे. हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही सासूबाईंकडून. गायकवाड स्वतः त्यावर कधी एक शब्द बोललेले नाहीत.

तो माणूस वर आला. थोडा चिखल निघाला, लाईन साफ झाली असं जाहीर झालं आणि सप्टेंबरात पाणी परत शिरलं. केदारांचं म्हणणं, पुढच्या वर्षी पावसाळ्याआधीच माणूस उतरवू. गायकवाड म्हणाले, माणूस उतरवायचा नाही.

"काका, ती ड्रेनेजची लाईन नाही, पावसाच्या पाण्याची आहे," केदार म्हणाले. "कायद्याची बंदी गटाराला आहे, यात उतरवलेला चालतो." केदार वकील नाहीत, पण सोसायटीचा सचिव झाला की माणसाला कायदा आपोआप समजायला लागतो.

गायकवाड घरी आले, जेवले नाहीत, आणि मला म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याच्या आत दुसरं काहीतरी आत गेलं पाहिजे. म्हणजे माणूस जाणार नाही."

'दुसरं काहीतरी' म्हणजे काय, हे ठरवण्यात दिवाळी गेली. पाइपात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला कोरडं असेल, पुढे चिखल, त्यापुढे पाणी, ते किती खोल कुणास ठाऊक. चाकांची गाडी चिखलात रुतणार. होडी चिखलावर बसून राहणार. दोन्हीकडे चालेल असं पाहिजे, आणि ते रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चाललं पाहिजे, हा गायकवाडांचा निष्कर्ष. पट्टे सायकलच्या जुन्या साखळ्यांचे. प्रत्येक बाजूला दोन साखळ्या समांतर, आणि त्यांच्यावर आडव्या बसवलेल्या, उभ्या चिरलेल्या पाइपाच्या फाका. चिखलात तेच पाय आणि पाण्यात तीच वल्ही. मोटारी जुन्या बाजारातून आणलेल्या, गाडीच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या. दोन बाजूंना तोंडं बंद केलेले जाड पाइप, तरंगण्यासाठी. आणि मधोमध मोटारी नि बॅटरी ठेवायला एक डबा.

तो डबा माझा. दहा किलो पिठाचा, हवाबंद, चारही बाजूंनी कड्या असलेला. मला विचारलं नाही. सकाळी बघते तर पीठ परातीत आणि डबा पार्किंगमध्ये, त्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेली.

रुकसाना दर रविवारी यायला लागली. कॅमेरा तिने बसवला, चालवायचं रिमोट तिने केलं. जमिनीखाली वायफाय चालणार नाही, म्हणून तिने शंभर फुटी केबल जोडली; चित्र त्यातूनच येणार, हुकूम त्यातूनच जाणार आणि वेळ आली तर ओढून काढायलाही तीच.

"काकू, नेक्स्ट व्हर्जन ऑटोनॉमस करायचं डोक्यात आहे," ती मला म्हणाली. "स्वतःचं स्वतः जाईल."

"आधी या व्हर्जनला माझं पीठ कुठे ठेवू ते विचार," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मी चिडलेली होते आणि चिडायचं सोडूनही देत नव्हते, कारण ते सोडलं असतं तर मलाही त्यात रस वाटतोय हे कबूल करावं लागलं असतं.

पोहण्याची चाचणी आप्पासाहेबांच्या शेततळ्यात. आप्पासाहेब धायरीतले मूळचे. चहूबाजूंनी इमारती झाल्या तरी त्यांनी दीड एकर विकलेलं नाही, त्यात वांगी आहेत आणि एक तळं आहे. जानेवारीत आम्ही ते धूड रिक्षात घालून नेलं. आप्पासाहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि गायकवाडांना विचारलं,

"रतनराव, हे करतंय काय?"

"जमिनीवर चालतं, चिखलातून जातं, पाण्यात पोहतं."

"म्हंजी रेडकूच की," आप्पासाहेब म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

रेडकू बांधावरून झोकात उतरलं. पाणी अर्ध्यापर्यंत आलं आणि ते थांबलं. पट्टे फिरत होते, पाणी उडत होतं, पण ना ते चालत होतं, ना पोहत होतं. मला वाटलं, गायकवाड निराश होतील. ते उकिडवे बसले आणि तासभर टक लावून बघत राहिले, जणू पहिला नातू रांगतोय. मग म्हणाले, "पाण्याने अर्धं वजन उचललं की पायांना जोर राहत नाही." त्यांनी तरंगते पाइप चार बोटं वर घेतले, म्हणजे ते खोल पाण्यात जाईपर्यंत तळाला धरून चालेल. पुढच्या रविवारी ते खोल पाण्यात गेलं, तरंगलं आणि जागच्या जागी थरथरत राहिलं. आता पूर्ण पट्टा पाण्याखाली गेला होता. खालचे पाय जेवढं पुढे ढकलत होते तेवढंच वरचे मागे. मग वरच्या पायांवर पत्र्याची झाकणं आली, सायकलच्या मडगार्डसारखी. मार्च उजाडला आणि रेडकू पोहलं. आप्पासाहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटांनी ते बंद पडलं. दोरीने ओढून आणलं, डबा उघडला, तर आत अर्धी वाटी पाणी.

इथून जे सुरू झालं त्याने आम्हा तिघांची झोप उडवली. घरी न्हाणीघरात पाण्याचा ड्रम भरला, त्यात डबा बुडवून वर दगड ठेवला. रात्रभर. सकाळी उघडला तर आतला वर्तमानपत्राचा कागद कोरडा ठणठणीत. रविवारी तळ्यावर नेला, तर पंधरा मिनिटांत आत पाणी. डबा तोच, झाकण तेच. गायकवाडांनी मोटारींच्या, डब्याबाहेर येणाऱ्या दांड्यांवरचे रबरी सील बदलले. घरी कोरडा, तळ्यावर ओला. ग्रीस भरलं. घरी कोरडा, तळ्यावर ओला. ते प्रत्येक वेळी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायचे: तारीख, जागा, किती मिनिटं, किती चमचे.

रुकसानाला वाटलं, तळ्याच्या पाण्यात बारीक माती असते ती सीलमध्ये अडकत असेल. आम्ही तळ्याचं पाणी दोन कॅन भरून घरी आणलं आणि ड्रममध्ये ओतलं. कोरडा. "माझ्या पान्याला नाव ठिवायचं काम न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. गायकवाडांना वाटलं, हादऱ्यांमुळे होत असेल. ड्रममध्ये मोटारी चालवून पाहिल्या. कोरडा. खोली मोजली, तर ड्रम तळ्यापेक्षा खोल निघाला.

पोस्टात असताना अर्धवट पत्त्याचं पाकीट मला घरी आल्यावरही छळायचं. अप्पा बळवंत चौकातलं हे घर म्हणजे नक्की कुठलं, असं मी भाकऱ्या थापताना स्वतःला विचारत बसायची. आता हे रेडकू तसं छळायला लागलं. बसमध्ये बसले की तेच डोक्यात. घोडं नेमकं पेंड कुठे खातंय? तळ्यावर आम्ही असं काय करतो जे घरी करत नाही? रिक्षातून नेतो. बांधावर उन्हात ठेवतो. तिथेच बॅटरी जोडून झाकण लावतो. थोडा वेळ कोरड्यात चालवतो, मग पाण्यात सोडतो. यात पाणी शिरण्यासारखं काय आहे, ते मला दिसेना, आणि मला दिसत नव्हतं म्हणून मी गायकवाडांवर डाफरायची.

मे उजाडला. केदारांनी फलकावर सूचना लावली: महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी आठ वाजता लाईनची सफाई. गायकवाड त्यांच्याकडे गेले. "त्याआधी आमचं यंत्र आत सोडू द्या."

"काका, आठ ते साडेआठ तुमचं," केदार म्हणाले. "साडेआठला काही दिसलं नाही, तर माणूस उतरणार. पाऊस तुमच्या प्रयोगासाठी थांबणार नाही." हे मात्र ते चुकीचं बोलले नव्हते. रुकसानाच्या आईचा पलंग तिथेच होता.

पंधरा दिवस हातात होते आणि डब्यात पाणी शिरतच होतं.

मधे वैशाख पौर्णिमा आली. बुद्धजयंतीला विहारात खीर न्यायचा आमचा नेम आहे; अकरा वाजता वंदना, त्यानंतर खीर. यंदा मला उशीर झाला. उकळती खीर मी स्टीलच्या कडीच्या डब्यात ओतली, रबर लावून झाकण घट्ट बसवलं आणि लवकर निवावी म्हणून डबा परातीतल्या गार पाण्यात ठेवला. साडी नेसून आले, तर झाकण उघडेना. कड्या काढल्या तरी उघडेना. झाकणाचा पत्रा मधे खोल ओढला गेला होता.

"अहो, जरा या इकडे. पाना घेऊन या."

गायकवाडांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, रबराखाली घातला आणि किंचित उचकटला. सू करून हवा आत गेली आणि झाकण टपकन सुटलं. ते ड्रायव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. मीही.

"हवा आत गेली," मी म्हटलं.

"हो."

"गरम असताना झाकण लावलं. गार झाल्यावर आतली हवा आकसली आणि तिने बाहेरचं ओढलं." मी थांबले. "अहो, तळ्यावर झाकण आपण उन्हात लावतो. डबा तापलेला. वरून मोटारी कोरड्यात चालवून आणखी तापवतो. आणि मग तो गार पाण्यात सोडतो."

"आणि घरी न्हाणीघरात लावतो," गायकवाड म्हणाले. "गारच असतो."

"मग सीलजवळ बाहेर हवा नसते. पाणी असतं."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं मला पसंत करायला आले होते तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. पाणी शिरत नव्हतं, डबाच ते पीत होता. अडीच महिने आम्ही धायरीभर वळसे घातले आणि कळसा माझ्या काखेत होता. गरम डब्याला झाकण लावू नये, हे मला सासूबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. विहारात आम्ही वंदना संपता संपता पोचलो आणि खीर अजून कोमट होती. मी अतिशय खुशीत होते, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

उपाय गायकवाडांनी त्याच दुपारी केला. झाकणाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि पंपाने दोन दट्टे हवा भरली. आता आतली हवा सतत बाहेर ढकलत राहणार. पाण्याला आत यायची सोय नाही. शिवाय कुठे फट असेल तर बुडबुडे दिसणार. ड्रममध्ये डाव्या दांड्यापाशी एक बारीक बुडबुड्यांची ओळ दिसली, ती फट बुजवली. पुढच्या रविवारी रेडकू चाळीस मिनिटं तळ्यात होतं आणि आतल्या कागदावरची शाईसुद्धा पसरली नाही.

"काकू, पेटंट घ्या," रुकसाना म्हणाली.

"खिरीवर?"

सोमवारी आठला सगळे चेंबरपाशी जमलो. झाकण पहाटेच काढून ठेवलं होतं. केदार मनगटाकडे बघत होते. ठेकेदाराची दोन माणसं आली. त्यातला एक गेल्या ऑगस्टातलाच होता. चाळिशीचा, काटक. नाव विचारलं तेव्हा 'सोपान' म्हणाला. त्याने शर्ट काढून कुंपणावर टाकला, कमरेला दोरी बांधली आणि कडेला बसून तंबाखू मळू लागला. त्याच्या लेखी आमचं जे काय चाललं होतं ते साडेआठपर्यंतचं होतं.

रेडकू दोरीने चेंबरमध्ये सोडलं आणि ते पाइपात शिरलं. रुकसानाच्या मांडीवर लॅपटॉप, आम्ही तिच्या मागे. गायकवाड केबल सोडत होते आणि दर पाच फुटांच्या खुणेला आकडा म्हणत होते. वीस फुटांपर्यंत पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या. पस्तिसाला चिखल; चित्र डावीउजवीकडे डुलायला लागलं. पंचेचाळिसाला पाणी. पाण्याची रेघ कॅमेऱ्यापर्यंत चढली आणि मग अचानक चित्र हलकं झालं.

"काका, फ्लोट झालं," रुकसाना हळूच म्हणाली.

सोपानने तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली आणि उठून मागे येऊन उभा राहिला. पासष्ट फुटांवर पाण्यातून वर आलेला चिखलाचा उंचवटा होता. पट्ट्यांनी तो धरला आणि रेडकू त्यावर चढलं. उजेडात समोर काहीतरी गोल दिसलं, अर्धं रुतलेलं.

"घमेलं हाय ते," सोपान म्हणाला. "माजं."

त्याने बोटाने पडद्यावरची कड दाखवली.

"गेल्या साली हितनंच मागं फिरलो. डोकं जड झाल्तं, डोळ्यांम्होरं अंधारी. घमेलं तितंच टाकलं. मुकादमाला सांगितलं, लाईन साफ हाय."

पट्ट्यांनी चिखल ढवळला होता आणि त्यातून बुडबुडे वर येत होते. मोठे, सावकाश, एकामागून एक. त्यातला वायू माणसाचं काय करतो ते गायकवाडांना माहीत होतं. त्यांनी आकडा म्हणायचा थांबवला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर सदरा भिजलेला होता.

"पुढे घे," ते रुकसानाला म्हणाले.

ऐंशी फुटांवर रेडकू थांबलं. समोर भिंत होती. विटांची, पाइपाचं तोंड पूर्ण बंद करणारी, वरून सिमेंट फासलेली. केदार वाकून बघायला लागले. "हा काय प्रकार आहे?"

"बांधकामाच्या वेळी ओढ्याचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेली," गायकवाड म्हणाले. "काम झालं की फोडायची असते. फोडायची राहिली."

अकरा वर्षं आमची सोसायटी बूच लावलेली बाटली साफ करत होती, आणि साफ होत नाही म्हणून बाटलीत माणूस पाठवत होती. भिंत ओढ्यापासून दहा-बारा फुटांवर, म्हणजे ओढ्याच्या बाजूने झुडपं तोडून, उघड्यावर खणून ती फोडता येणार होती. आत कुणी जायचं कारण उरलं नव्हतं. साडेआठला तीन मिनिटं कमी होती. रुकसानाने तोंडावर हात दाबला आणि ती रडली. मला वाटतं, आईच्या पलंगासाठी.

परत येताना घात झाला. उंचवट्यावर वळताना डाव्या पट्ट्यात एक गोणपाट ओढलं गेलं आणि साखळी उतरली. एका पट्ट्यावर रेडकू जागच्या जागी गिरकी घ्यायला लागलं आणि केबल स्वतःभोवतीच गुंडाळून बसलं. गायकवाडांनी ओढून पाहिलं, सोडून पाहिलं, पुन्हा ओढलं. हलेना. आणखी जोर लावला असता तर केबल तुटली असती. आणि भिंत फुटल्यावर तुंबलेलं सगळं पाणी, चिखल ओढ्याकडे धावणार, त्यात रेडकाचा चेंदामेंदा होणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"काका, मी आनतो की," सोपान म्हणाला. त्याने तंबाखू फेकून दिली आणि दोरीची गाठ चाचपली. "पासट फुटावर तर हाय. श्वास धरून जातो अन् येतो."

"नको."

"त्याचं जादा पैसं न्हाई घेनार. असंच आनून देतो. तुमी नऊ म्हैनं खपलाव, ह्या ताई सांगत हुत्या."

"काका, तो तयार आहे तर जाऊ दे ना," केदार म्हणाले. "रोजचा सराव आहे त्याला. दोन मिनिटांचं काम."

गायकवाडांनी केबल खाली ठेवली. सोपानसमोर जाऊन गुडघ्यावर बसले आणि त्याच्या कमरेची गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती, फिटरच्या बोटांनाही लवकर सुटेना. सोपान हात वर धरून अवघडून उभा राहिला, शिंप्यापुढे उभं राहावं तसा. दोरी सुटली. गायकवाडांनी ती गुंडाळून आपल्या काखेत धरली.

"यंत्र मी परत बनवीन," ते म्हणाले.

मला रडू आवरेना. भावाबद्दल ते माझ्याजवळ कधी बोलले नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत, पण आता बोलायची गरज उरली नव्हती.

ते तिथेच जमिनीवर बसून राहिले. सोपान थोडा वेळ उभा होता, मग त्यांच्याशेजारी टेकला. लॅपटॉपवर चित्र चालूच होतं: चिखल, घमेल्याची कड, बुडबुडे. तो बराच वेळ बघत राहिला.

"आत असं दिसतं व्हय," तो म्हणाला. "मला वाटायचं, लई मोठं हाय. अंधारात मोठं वाटतं."

"किती वर्षं उतरता?"

"सोळा." मग तो म्हणाला, "काका, राग नसंल तर एक सांगू? तुमचं हे मधोमध चाललं. पाइपात मधी कवाच जायाचं न्हाई. मधी गाळ पातळ अस्तो, गोनपाटं, चिंध्या समदं मधीच येऊन बसतं. कडंनं जायाचं, एक पाय वर ठिवून, तिरकं."

गायकवाडांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. नऊ महिने. साखळ्या, सील, ड्रम, तळं, खीर. आप्पासाहेबांपासून इंटरनेटपर्यंत आम्ही सगळ्यांना विचारलं होतं. जो आत जाऊन आला होता, आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो कोण, कुठे राहतो, याची आम्ही चौकशीसुद्धा केली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं," गायकवाड म्हणाले.

"मला कोन इचारतंय?" सोपान हसला. "कवा उतरनार, एवढंच इचारत्यात."

त्याने काडी उचलली आणि मातीत पाइपाचा गोल काढला. गाळ कुठे जाड, कुठे पातळ, वळणावर काय होतं, सांध्याला विटांचे तुकडे कसे अडकतात. गायकवाड वाकून बघत होते. मागून रुकसाना म्हणाली, "काका, बॅटरी गेली. स्क्रीन ब्लँक झाली." त्यांनी मान वर केली नाही.

"थांबा," ते सोपानला म्हणाले, "ते वळणाचं परत सांगा."